तिसऱ्या गळ्याचा गुन्हा

एका खोलींत दोन माणसें गात आहेत. तिसरा एक मनुष्य कोपऱ्यांत पेला पुढें ठेवून ऐकत बसला आहे. ओळखीचें धृपद येतें, त्याला राहवत नाहीं आणि तो त्यांत आपला सूर मिळवितो. या क्षणापर्यंत त्या खोलींत सर्व कांहीं कायदेशीर होतें. या क्षणानंतर त्या जागेचा मालक गुन्हेगार झाला! हें एखाद्या प्रहसनांतील कथानक नव्हे. इंग्लंड व वेल्स येथील पबांस जो कायदा १९६४ पासून २००५ पर्यंत लागू होता, त्याचा कित्येक स्थानिक कौन्सिलांनीं लाविलेला हा अर्थ होता. ज्या राष्ट्रानें अर्ध्या जगास कायद्याचें राज्य शिकविल्याचा डौल मिरविला, त्याच्या स्वतःच्या घरीं चाळीस वर्षें तिसऱ्या गळ्याची ही मोजदाद चालली होती. पबांत जमलेल्या गिऱ्हाइकांनीं एकत्र गावें कीं नाहीं, हा प्रश्न सकृद्दर्शनीं क्षुल्लक वाटतो. परंतु सरकारची सत्ता कोठें संपावी आणि शेजाऱ्याचा हक्क कोठें सुरू व्हावा, हें ज्यांस समजून घ्यावयाचें असेल त्यांनीं तो हंसण्यावारीं नेऊं नये, असें आम्हांस वाटतें.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करणें इष्ट आहे. आम्हीं मद्याचें वकीलपत्र घेतलेलें नाहीं. दारूनें जीं घरें धुळीस मिळतात तीं विलायतेंत काय आणि येथें काय, सारखींच मिळतात. परंतु इंग्लंडांतील पब म्हणजे केवळ दारूचा गुत्ता नव्हे. दिवसभर राबलेलीं माणसें संध्याकाळीं एका छपराखालीं बसून जेथें एकमेकांची विचारपूस करितात, अशी ती गांवांतील जागा आहे. मास-ऑब्झर्व्हेशन या संस्थेच्या निरीक्षकांनीं १९३७ नंतर बोल्टन या गिरणगांवांतील पबांत बसून जें टिपण केलें व जें १९४३ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालें, त्यांत पिण्याच्या हिशोबाबरोबर गप्पा, खेळ, पैजा, पियानो आणि गाणें यांचाहि हिशोब आहे. ही जागा आतां वेगानें नाहींशी होत चालली आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कचेरीनें २०१८ सालीं दिलेल्या आंकड्यांप्रमाणें २००८ सालीं तेथें सुमारें ५०,००० पब होते, ते दहा वर्षांत ३९,००० वर आले. पब बंद झाला म्हणजे दारू बंद होते, असें मात्र कोणी समजूं नये. तीच बाटली बाजारांतून स्वस्तांत विकत घेऊन मनुष्य घरीं एकटाच पीत बसतो. चार माणसांची नजर व चार माणसांची लाज हीं दोन्ही त्याच्यावरून उठतात, एवढाच फरक.

गाण्यावरील बंधनाचा इतिहास जुना आहे. १७५१ सालीं पार्लमेंटानें एक कायदा केला. त्यानें लंडन व वेस्टमिन्स्टर येथें आणि त्यांच्या सभोंवतीं वीस मैलांच्या टापूंत सार्वजनिक गाण्याबजावण्याच्या व नाचण्याच्या जागांस परवाना सक्तीचा केला. या कायद्याचें मूळ नांव वाचलें तर त्याच्या कर्त्यांचें मन उघडें पडतें; तो चोऱ्या व दरोडे यांस अधिक चांगला आळा घालण्यासाठीं केला असें त्यांत म्हटलें आहे! म्हणजे गरिबाचें गाणें हें चोरीचें मावसभावंड, असा त्या काळच्या श्रीमंत शहाण्यांचा सिद्धांत होता. पुढें पबांत जमून गाण्याच्या संवयींतूनच म्युझिक हॉल निघाले. चार्ल्स मॉर्टन या पबवाल्यानें लँबेथ येथें आपल्या पबाला लागून कँटरबरी हॉल बांधला तो १८५२ सालीं. तेथें गाणारे पगारी झाले, प्रेक्षक तिकीट काढून बसूं लागले आणि गाणें हा धंदा बनला. धंद्यास परवाना मागणें निराळें. परंतु ज्यानें तिकीट लावलें नाहीं, पगार दिला नाहीं, नुसतें गिऱ्हाइकांस गाऊं दिलें, त्यासहि त्याच मापानें मोजण्याची खोड कायद्यास जडली ती कायमची.

१९६४ च्या परवाना कायद्याचें १८२ वें कलम असें होतें कीं, पबांत यंत्रावर वाजविलेलें संगीत असेल, किंवा दोहोंपेक्षां अधिक गाणारे-वाजविणारे नसतील, तर करमणुकीचा निराळा परवाना नको. यांतील मौज पहा. विजेच्या भोंग्यावर भिंती हादरवून सोडणारी ध्वनिमुद्रिका लावली तर परवाना नको. दोन वादकांनीं यंत्रें लावून सारी आळी जागी ठेविली तरी परवाना नको. पण तीन म्हाताऱ्यांनीं हातांत कांहींहि न घेतां, आपल्या आजोबांपासून चालत आलेलें गाणें हलक्या आवाजांत म्हटलें तर परवाना पाहिजे! कायद्याचा हेतु शेजाऱ्याच्या झोपेचें रक्षण करण्याचा म्हणावा, तर तो आवाज मोजीत नव्हता, डोकीं मोजीत होता. आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं म्हणतात तो हाच प्रकार. श्रोत्यांनीं धृपदांत साथ दिली तर ते गाणारे होतात काय, हा प्रश्न निघाला तेव्हां अनेक कौन्सिलांनीं होय असें उत्तर दिलें. पबवाला बिचारा गिऱ्हाइकांस सांगत फिरूं लागला कीं, बाबांनो, ऐका, पण गुणगुणूं नका.

हें हास्यास्पद आहे हें सरकारासहि कळलें. म्हणून २००३ सालीं नवा परवाना कायदा झाला आणि तो नोव्हेंबर २००५ मध्यें अंमलांत आला. त्यानें दोघांची सवलत काढून टाकिली, पण तिच्या जागीं मोकळीक दिली नाहीं; उलट एकट्या गाणाऱ्यासहि परवान्याच्या जाळ्यांत ओढलें. परवान्यावांचून करमणूक करू दिल्यास वीस हजार पौंडांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही! त्याच कायद्याच्या परिशिष्टांत पबांतील मोठ्या पडद्यावर दूरदर्शनचा चालू कार्यक्रम दाखविण्यास माफी होती. फुटबॉलच्या सामन्याला दोनशें माणसें ओरडलीं तर कायद्याच्या कानांवर कांहीं पडत नव्हतें, पण एका कोपऱ्यांत सारंगीसारखें वाद्य घेऊन कोणी बसला कीं तो कान टवकारी. घंटा बांधून नाचणाऱ्या मॉरिस नर्तकांस मात्र खास माफी मिळाली, कारण त्यांच्या बाजूनें बोलणारे लोक पार्लमेंटांत निघाले. ज्याचा वशिला त्याला सूट आणि उरलेल्यांस दंड, यास कायदा कसा म्हणावा? हें चोर सोडून संन्याशास सुळीं देणें झालें.

सरकारच्या बाजूनें जें म्हणण्यासारखें आहे तेंहि सांगणें प्राप्त आहे. दारूच्या परवान्याचा अर्ज करितांना त्यांतच गाण्याची परवानगी मागतां येत होती व त्यासाठीं जास्त फी नव्हती. तसेंच सरकारी मार्गदर्शिकेंत असा खुलासा होता कीं, आपोआप, उत्स्फूर्तपणें झालेलें गाणें हें कायद्यानें नियंत्रित केलेली करमणूक नव्हे. खुलासा चांगला; पण वकिली धंद्यांतील मनुष्यास त्यांतील खोंच तेव्हांच दिसेल. एखाद्याचा वाढदिवस निघाला आणि सर्वांनीं गाणें म्हटलें, तें उत्स्फूर्त खरें. पण दर मंगळवारीं आठ वाजतां जी मंडळी त्याच मेजाभोंवतीं गावयास जमते, तिचें गाणें उत्स्फूर्त कीं पूर्वनियोजित? आणि जी परंपरा आहे ती ठरलेल्या दिवशीं, ठरलेल्या ठिकाणींच होणार. म्हणजे चुकून झालेलें गाणें निर्दोष आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेलें गाणें संशयास्पद, असा त्या खुलाशाचा निष्कर्ष निघत होता.

या चुकीची दुरुस्ती व्हावयास सात वर्षें लागलीं. लॉर्ड क्लेमेंट-जोन्स या लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या सभासदानें खासगी बिल म्हणून आणलेला लाइव्ह म्युझिक अॅक्ट ८ मार्च २०१२ रोजीं संमत झाला आणि १ ऑक्टोबरपासून अंमलांत आला. सकाळीं आठ ते रात्रीं अकरा या वेळांत, यंत्राच्या मदतीवांचून केलेल्या गाण्याबजावण्यास कोठेंहि करमणुकीचा परवाना नको. आणि दारूचा परवाना असलेल्या जागेंत २०० श्रोत्यांपर्यंत यंत्रांसह केलें तरी नको. हा आंकडा एप्रिल २०१५ पासून ५०० करण्यांत आला. एखाद्या पबाविषयीं तक्रारी आल्या आणि त्या खऱ्या ठरल्या, तर परवान्याची फेरतपासणी करून ही मोकळीक काढून घेण्याचा अधिकार कौन्सिलाकडे ठेविला आहे. या एका तरतुदींत साऱ्या वादाचें मर्म आहे. जुना कायदा म्हणे, आधीं परवानगी आणा, मग गा. नवा म्हणतो, गा. अपाय केलात तर बंद करूं. पहिल्यांत नागरिक हा जन्मतः संशयित, दुसऱ्यांत तो अपराध सिद्ध होईपर्यंत सभ्य गृहस्थ. गाण्यापुरतेंच काय, कोणत्याहि निरुपद्रवी कृत्याविषयीं सुधारलेल्या राज्याची भूमिका दुसरीच असली पाहिजे.

याच्या उलट, बंधन केव्हां न्याय्य ठरतें याचेंहि उदाहरण त्याच देशानें दिलें आहे. कोविडच्या साथींत २८ सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडांतील पबवाल्यांवर कायद्यानें अशी जबाबदारी टाकण्यांत आली कीं, सहांहून अधिक गिऱ्हाइकांस त्यांनीं एकत्र गाऊं देऊं नये, नाचूं देऊं नये आणि ध्वनिमुद्रित संगीताचा आवाज ८५ डेसिबलांवर नेऊं नये. पुन्हां गळ्यांची मोजदाद आली; पण या वेळीं तिच्यामागें कारण होतें. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत मार्च २०२० मध्यें एका गायकवृंदाच्या सरावास ६१ जण जमले होते. त्यांपैकीं निश्चित व संभाव्य मिळून ५३ जणांस लागण झाली व दोघे दगावले. बंद खोलींत मोठ्यानें गाणें हा त्या दिवसांत खरोखरीचा अपाय होता. पुढें ब्रिस्टल येथील शास्त्रज्ञांच्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, तोंडावाटे बाहेर पडणारे सूक्ष्म कण गाण्यानें कीं बोलण्यानें यापेक्षां आवाज किती मोठा यावर अधिक अवलंबून असतात. म्हणजे ओरडून बोलणारा व मोठ्यानें गाणारा यांत फारसा भेद नव्हता. जुलै २०२१ मध्यें इंग्लंडांतील बहुतेक निर्बंध उठले, त्यांबरोबर हेंहि गेलें. कारण होतें तोंवर बंधन, कारण संपलें कीं मोकळीक, असाच क्रम असावा. १९६४ च्या कलमास असें कारण मुळांत नव्हतें, म्हणून तें संपावयास चाळीस वर्षें लागलीं.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप शेजाऱ्याचा. पबाच्या माथ्यावर किंवा भिंतीपलीकडे जो राहतो, ज्याला पहांटे कामावर जावयाचें आहे, ज्याच्या घरांत आजारी मनुष्य आहे, त्यानें दुसऱ्याच्या आनंदासाठीं जागरण कां करावें? हा आक्षेप खरा आहे, आणि जो सुधारणेच्या नांवाखालीं त्याची थट्टा करील त्यास स्वातंत्र्याचा अर्थच कळला नाहीं असें आम्ही म्हणूं. यास उत्तर वेळेच्या मर्यादेंत व आवाजाच्या मापांत आहे, गाणाऱ्यांच्या संख्येंत नाहीं. मात्र शंभर वर्षें जेथें गाणें चाललें आहे त्या पबाशेजारीं आज घर बांधून उद्यां तक्रार करणारा शेजारी निराळा. अशांसाठीं इंग्लंडच्या सरकारनें जुलै २०१८ च्या आपल्या राष्ट्रीय नियोजन धोरणांत हें तत्त्व घातलें कीं, जो नवा बदल घडवितो त्यानेंच त्याचे परिणाम सोसण्याची तजवीज करावी. पबाच्या शेजारीं घरें बांधणाऱ्यानें आवाज अडविण्याची सोय स्वखर्चानें करावी. हा न्याय आम्हांस पटतो.

दुसरा आक्षेप गाण्याच्या मजकुराचा, आणि तो अधिक बिकट आहे. एकत्र गाण्यानें माणसें जोडलीं जातात हें खरें. परंतु कोणाविरुद्ध जोडलीं जातात हेंहि पाहिलें पाहिजे. स्कॉटलंडांत फुटबॉलच्या निमित्तानें कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट यांच्या जुन्या वैराचीं गाणीं गायिलीं जातात. अर्धी खोली गाते आणि उरलेली मान खालीं घालून बसते, किंवा बाटली उचलते. तेथील पार्लमेंटानें २०१२ सालीं अमलांत आणलेला खास कायदा केवळ मैदानापुरता नव्हता. जेथें सामना पडद्यावर दाखविला जातो त्या पबापर्यंत त्याचा हात पोंचत होता. तरीहि तो कायदा २०१८ सालीं रद्द करावा लागला. टीकाकारांचें म्हणणें असें होतें कीं, धमकी व दंगा यांस शासन करणारे कायदे आधींपासूनच आहेत, आणि हा नवा कायदा एका वर्गाच्या माणसांस विनाकारण गुन्हेगार बनवितो. आमचेंहि मत त्या बाजूस झुकतें, पण अर्ध्या मनानें. ज्याच्या धर्माची व जातीची भर सभेंत विटंबना होते, त्यास कायदेपंडितांच्या या सूक्ष्म विवेचनानें समाधान होत नाहीं. धमकी ही सुरांत दिली म्हणून गोड होत नाहीं. तिला शासन व्हावें, परंतु तें धमकी म्हणून. गाणें म्हणून नव्हे. आणि सरकारच्या आधीं ज्याचें हें काम आहे तो पबवाला होय. गल्ल्याकडे पाहून जो मालक असल्या गाण्याकडे कानाडोळा करितो, त्याचा परवाना धोक्यांत आला तर आम्हांस तिळमात्र वाईट वाटणार नाहीं.

तिसरा आक्षेप आंतल्या माणसाचा. सर्वच गिऱ्हाइकें गावयास येत नाहींत. कोणी एकांतासाठीं, कोणी दोन शब्द बोलण्यासाठीं येतो. आयर्लंड म्हटलें कीं गाणारा पब आपल्या डोळ्यांपुढें येतो. पण त्याच आयर्लंडांत 'गाण्यास मनाई आहे' अशा पाट्या जुन्या पबांत सर्रास लावलेल्या असत. तेथील परंपरागत संगीताचें खरें माहेर घराची चूल व खेड्याचा चव्हाटा हें होतें. १९३५ च्या सार्वजनिक नृत्यगृहांच्या कायद्यानें घरगुती नाचाच्या बैठकींवर गदा आली, माणसें शहरांत व परदेशीं गेलीं, आणि शतकाच्या मध्यानंतर हें संगीत मोठ्या प्रमाणावर पबांत शिरलें. तेव्हां ज्या मालकास आपली जागा शांत ठेवावयाची आहे त्यास पाटी लावण्याचा पूर्ण हक्क आहे. गिऱ्हाइकांनीं गावें असें आम्ही म्हणतों, गायिलेंच पाहिजे असें नव्हे.

या तिन्ही आक्षेपांस उत्तम उत्तर गाणाऱ्यांनीं स्वतःच देऊन ठेविलें आहे. सफोक परगण्यांत ईस्टब्रिज येथें 'ईल्स फूट' नांवाचा पब आहे. तेथील गाणें बी.बी.सी.नें १९३९ सालीं मुद्रित करून ध्वनिक्षेपित केलें. तेथें बैठकीला एक अध्यक्ष असे. तो मेजावर हातोडी आपटून एकेकाचें नांव पुकारी आणि एक गात असतां बाकीचे शांत राहत. धृपद आलें म्हणजे सर्वांनीं उचलावयाचें. असा नियम जेथें आहे तेथें लाजाळू मनुष्यासहि पाळी मिळते आणि उर्मट मनुष्यास थांबावें लागतें. दुसरें उदाहरण शेफील्डच्या वायव्येकडील डंगवर्थसारख्या खेड्यांचें. एकोणिसाव्या शतकांत धर्मगुरूंनीं आपल्या देवळांतून गांवकरी वादक-गायकांस बाहेर काढून ऑर्गन बसविला. त्यांच्याबरोबर नाताळचीं जुनीं स्थानिक पदेंहि देवळाबाहेर पडलीं, आणि त्यांस आश्रय मिळाला तो पबांत. आजहि नोव्हेंबरच्या मध्यापासून २६ डिसेंबरपर्यंत तेथील पबांतून माणसें दाटीवाटीनें उभीं राहून तीं गातात. देवळानें टाकिलें तें पानगृहानें राखिलें! गाणाऱ्यांची संख्या दोनांवर अडली असती तर तें केव्हांच मेलें असतें.

एकत्र गाण्यापासून होतें काय, असें विचारणाऱ्यांस शास्त्राचाहि आधार देतां येईल. ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत प्रौढांच्या गाण्याच्या, हस्तकलेच्या व लेखनाच्या वर्गांची सात महिने तुलना केली. अखेरीस जवळीक सर्वांतच आली, पण गाणाऱ्यांत ती सर्वांआधीं आली. अनोळखी माणसांतील बर्फ गाण्यानें लवकर वितळतें. ज्या देशांत एकटेपण हा सरकारी चिंतेचा विषय होऊन २०१८ सालीं त्यासाठीं मंत्री नेमावा लागला, त्या देशानें हा औषधोपचार तरी फुकट घालवूं नये. आणि मद्यनिषेधाच्या कैवाऱ्यांस आम्ही एवढेंच सुचवितों कीं, मनुष्यास तोंड एकच आहे. जोंवर तें गाण्यांत गुंतलें आहे तोंवर पेला मेजावरच राहतो.

हें सर्व दूरचें आहे, आपणांस त्याचें काय, असें कोणी म्हणूं नये. मुंबईंत ऑर्केस्ट्रा बारच्या परवान्यांत रंगमंचावर चार स्त्रिया व चार पुरुष, याहून अधिक नसावेत अशी अट होती. ती स्त्री-पुरुषांची वांटणी सर्वोच्च न्यायालयानें १८ फेब्रुवारी २०२२ रोजीं घटनाबाह्य ठरविली. एकूण आठांची मर्यादा तेवढी राहिली. तेथील गायिका पगारी असतात, गिऱ्हाइकें नसतात, हा भेद आम्ही विसरत नाहीं. पण स्त्रियांच्या रक्षणाच्या नांवाखालीं त्यांच्या पोटावर पाय देणारी ती अट आणि इंग्लंडांतील दोघांची अट या एकाच बुद्धीच्या लेकी आहेत. अपाय शोधण्याचें कष्ट नकोत म्हणून अधिकारी डोकीं मोजतो. मोजणें सोपें असतें आणि मोजल्यावर कांहीं केल्यासारखें वाटतें.

तात्पर्य, गिऱ्हाइकांनीं पबांत एकत्र गावें काय, या प्रश्नास आमचें उत्तर असें: शेजाऱ्याची झोप राखून, कोणाचीहि विटंबना न करितां, आणि मालकाची संमति असेल तर, अवश्य गावें. सरकारनें रात्रीच्या वेळेची रेघ आंखावी, आवाजास माप लावावें, धमकी देणाऱ्यास पकडावें, आणि इतकें करून दारांतून बाहेर पडावें. आंत किती जण गात आहेत हें मोजण्यासाठीं त्यानें खिडकीशीं उभें राहूं नये. कोपऱ्यांतल्या त्या तिसऱ्या माणसानें धृपद उचललें तर त्यांत गुन्हा कोणता, हें ज्या कायद्यास सांगतां येत नाहीं, त्या कायद्यानेंच गप्प बसावें.